माऊलीच्या कडेवरचं बाळ

१

सकाळी सात वाजता ठकुबाई भोईरनं माऊलीवरची पांढरी ओढणी उचलली आणि बंदरपाड्याच्या कथीड्रलमध्ये जमलेल्या शे-दीडशे माणसांचं गाणं मधेच तुटलं. माऊलीच्या कडेवर बाळ नव्हतं.

डावा हात रोजच्यासारखा वाकलेला, पण त्यावर कोणी नाही. बाळाचा चांदीचा मुकुट तेवढा ओढणीखालून सुटला, वेदीच्या तीन पायऱ्या घरंगळत उतरला आणि पहिल्या बाकाशी जाऊन आडवा झाला. बायकांनी तोंडाला पदर लावले. ठकुबाई ओढणीचा गोळा पोटाशी धरून होती तिथेच खाली बसली.

सगळ्यांच्या मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून, तिची धाकटी जाऊ कमळ उभी होती. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेली बाई. असल्या वेळी तिच्या मनात आधी चोर यायला हवा होता. पण खोटं कशाला बोला? आधी आलं ते 'बरी जिरली'. मग लाज आली, आणि चोराचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

त्याला कारणही तसंच होतं. या माऊलीला वर्षातून एकदा नवी वस्त्रं नेसवायचा मान भोईरांच्या थोरल्या सुनेचा. कमळचा नवरा धाकटा, म्हणून ती धाकटी सून. वयानं पाहिलं तर ती जावेपेक्षा चार महिन्यांनी मोठीच होती. ते चार महिने तीस वर्षं तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले होते. नवरा गेला, नोकरी संपली, काटा काही निघाला नाही.

"सरू कुठं हाय?" ठकुबाईचा नवरा केसरीनाथ गरजला. काल्हेरला त्याची दोन गोदामं होती, पण आवाज चार गोदामांचा होता. "काल सांजच्याला आतमदी कोन व्हती? आज सकाली पयली आत कोन गेली? तीच ना? धरा तिला!"

बाजूच्या दारात चर्च झाडणारी सरू उभी होती. वारली पाड्यावरची बाई, हातात फुलांची परडी. सगळ्या माना एकदम तिच्याकडे वळल्या तशी ती परडी खाली ठेवून भिंतीला चिकटली.

"मी न्हाय घेतला बाल," ती म्हणाली. आवाज तिच्या तिलाच ऐकू आला असेल नसेल.

फादर प्रितम रुमाव गर्दीतून वाट काढत मागे आले. तरुण माणूस, पण चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी वाढलेला. "कमळताई, संध्याकाळी पाचला बिशपस्वामी येणार. केसरीनाथ म्हणतात, चारपर्यंत बाळ मिळालं नाही तर सरूला चौकीवर देणार. तिच्या बाजूनं बोलणारं इथे कुणी नाही. तुम्ही बघाल का जरा?"

कमळनं पुढे बसलेल्या जावेकडे पाहिलं.

"बघते की फादर," ती म्हणाली. "मला तर बघायचंच आहे."

२

बाहेरच्या माणसाला या मानाचं वजन कळायचं नाही, म्हणून थोडं मागे जायला हवं.

फिरंग्यांच्या काळात खाडीतून गलबतं यायची, तेव्हा पाद्र्यांनी हे देऊळ बांधलं. गावातले म्हातारे आजही त्याला देऊळच म्हणतात. पुढे पेशव्यांची फौज साष्टीत उतरली आणि पाद्री मिळेल त्या गलबतात बसून निघून गेले. मागे उरली माऊली आणि तिच्या कडेवरचं हस्तिदंती बाळ. भोईरांच्या थोरल्या सुनेनं दोघांना उचलून भाताच्या कणगीत लपवलं, आणि कोणी विचारलं की सांगायची, माझी बहीण आलीय बाळंतपणाला. अकरा वर्षं चाललेलं बाळंतपण बघून शेजारणी काय म्हणाल्या असतील ते देव जाणे. पण अकरा वर्षांनी पाद्री परत आले तेव्हा माऊली जशीच्या तशी मिळाली. पाद्री म्हणाले, यापुढे हिला तुमच्याच घरची थोरली सून नेसवील. भोईर हिंदूच राहिले आणि मानही राहिला.

आठ वर्षांपूर्वी या देवळाचं कथीड्रल झालं. कथीड्रल म्हणजे मोठं चर्च अशी पुष्कळांची समजूत असते. पण इथे मोठेपणा इमारतीचा नसतो, खुर्चीचा असतो. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची ठेवलेली, ते कथीड्रल. त्या खुर्चीत बसून तो शिकवतो, आणि त्याच्याकडे असलेली सगळी गावं त्या एका वेदीशी बांधली जातात. खुर्ची आली त्या दिवशी बिशपनं भिंतींवरच्या बारा क्रूसांना पवित्र तेल लावलं होतं. दर वर्षी जानेवारीत त्या दिवशी बारा क्रूसांखाली बारा मेणबत्त्या लागतात, आसपासच्या गावांतून माणसं येतात. आज तोच दिवस होता.

खुर्ची आली आणि मागोमाग हेवा आला. शेजारच्या गावांना वाटलं, आमच्यात काय कमी होतं? आणि खुद्द बंदरपाड्यात काही जणींना वाटू लागलं, की आता आपली माऊली कथीड्रलची, तिला परधर्माच्या बाईनं का नेसवावं? तसं एक पत्रही बिशपकडे गेल्याची कुजबुज होती.

"काल काय काय झालं ते क्रमानं सांगा," कमळ फादरना म्हणाली.

"तीन ते पाच ठकुबाई एकट्या आत होत्या, दारं बंद. नेसवताना दुसऱ्या कुणी बघायचं नाही असा रिवाज आहे. मीसुद्धा आजवर पाहिलेलं नाही. पाचला त्यांनी दार उघडलं, माऊलीवर ओढणी घातलेली होती. ती आज सकाळी त्यांनीच काढायची. पाच ते सहा सरूनं झाडलं. मग रोझरीची जपमाळ झाली आणि साडेसहाला मी कुलूप लावलं."

"तेव्हा बाळ होतं?"

"होतं. ओढणीखाली डोक्याचा आणि मुकुटाचा आकार दिसत होता. गायकवृंदवाल्या दिपालीनंही पाहिलं. सकाळी साडेसहाला मीच कुलूप काढलं. सरू फुलं घेऊन आत गेली. दहा-पंधरा मिनिटं ती एकटीच होती."

म्हणजे ठकुबाई घरी गेल्यावरही बाळ जागेवर होतं. जाऊ सुटली आणि कमळला चक्क वाईट वाटलं.

ती वेदीच्या पायऱ्या चढली. माऊलीच्या झग्याला हात लावायचा तिला अधिकार नव्हता, पण डोळ्यांना कोण अडवणार? बाळ बसतं ते माऊलीच्या हातावरच्या लाकडी खुंटीवर. खुंटी बाहेर यावी म्हणून झग्याला तिथे बोटभर चीर ठेवलेली असते. कमळनं बाजूनं वाकून पाहिलं. चीर बंद होती. आतून टाचण्यांची सरळ रांग, त्यावर कापडाची घडी नीट पाडलेली, खुंटीचा मागमूस नाही.

हा कसला चोर? चांदीचा मुकुट ठेवून गेला, आणि जाता जाता आईचा झगा नीट करून गेला.

३

टाचण्या इतक्या सरळ लावणारे हात बंदरपाड्यात दोनच. एक ठकुबाईचे आणि दुसरे दिपाली घोन्सालविसचे.

दिपाली चर्चमागच्या गल्लीत राहायची. गायकवृंद तिचा, बायकांचं मंडळ तिचं, आणि माऊलीचा झगाही तीच शिवायची. कमळ गेली तेव्हा ती शिलाई मशीनवर कोपर टेकून बसली होती. रडलेली दिसत होती, की रागावलेली, ते सांगणं कठीण.

"झगा मी शिवते मावशी. नारपोलीला लूमवर जाऊन कापड मी निवडते. 'भैया, माँ का है, एक भी गाँठ नहीं चाहिये,' असं सांगून मागावरचं पहिलं कापड आणते. तीन महिने जर लावत बसते. आणि नेसवणार कोण? ठकुमावशी! मी आत पाऊल टाकायचं नाही. मी शिवलेलं माऊलीच्या अंगावर कसं बसलं, ते मला दुसऱ्या दिवशी लांबून दिसणार, शंभर माणसांबरोबर."

"म्हणून बिशपना पत्र लिहिलंस?"

दिपाली चपापली, पण लपवलं नाही. "लिहिलं. कथीड्रलचा मान कथीड्रलच्या लोकांकडे असावा, एवढंच लिहिलं."

"जळतेस तिच्यावर."

"जळते ना. तुम्ही नाही जळत?"

खात्यात असताना भल्याभल्या गुन्हेगारांनी कमळला उलट प्रश्न केले होते, पण असा वर्मी बसलेला नव्हता. तिनं रुमालानं चष्मा पुसला.

"काल साडेसहाला काय पाहिलंस ते सांग."

"ओढणीखाली बाळ होतं. पण एक सांगू? मुकुट नीट बसला नव्हता, कानाकडे कललेला. डोकं या वेळी मोठं वाटलं मला. मी मनात म्हटलं, ठकुमावशींना आता दिसेनासं झालंय, घडी जाड पडलीय." दिपाली थांबली. "सकाळी साडेसहापासून मी गायकवृंदाबरोबर अंगणात होते. वीस जणी सांगतील."

दारातून बाहेर पडताना कमळला मागून आवाज आला. "मावशी, मान तुमच्या घरातून गेला तर तुम्हालाही काही मिळणार नाही हं. लक्षात ठेवा."

४

सरूला अंगणातल्या सिमेंटच्या बाकावर बसवलं होतं. समोर केसरीनाथचा ड्रायव्हर पहाऱ्याला. कमळनं त्याला चहा आणायला पिटाळलं आणि सरूशेजारी बसली.

"आठ वर्सा झाडतंय बाय," सरू म्हणाली. "माऊलीला कदी हात न्हाय लावला. लांबूनच हात जोडतंय. मना चौकीत नेला ना, तर पाड्यावरची एक बी बाय परत या देवलात पाय ठेवनार न्हाय. पोरींची लग्ना अडतील. चोराच्या घरची बोलतील."

"कोण नेत नाही तुला. काल झाडताना काही वेगळं दिसलं?"

सरूनं विचार केला. "माऊलीच्या पायाशी नारलाची शेंडी व्हती. केस केस सगला, मूठभर. मी झाडून टाकला. ठकुआक्का ओटी भरायला नारल आनतात, पन शेंडी कदी सोलीत न्हाय."

"आणखी?"

"आज सकाली फुलांचा खुरपा जाग्यावर नव्हता. मागच्या दारात पडलेला, वल्या मातीचा. मीच धुतला." तिनं कमळकडे पाहिलं. "मी धुतला ता चूक झाला का बाय?"

"चूक नाही," कमळ म्हणाली.

पण तिच्या डोक्यात आता भलतंच चक्र फिरायला लागलं होतं. ओढणी काढेपर्यंत मुकुट वर होता. सगळ्यांच्या देखत तो ओढणीबरोबर खाली आला. बाळ सकाळी सरूनं नेलं असतं, तर मुकुट तेव्हाच खाली पडला असता. म्हणजे सात वाजेपर्यंत मुकुटाखाली काहीतरी होतं, गोल, बाळाच्या डोक्याहून मोठं. आणि ते ओढणीबरोबर गेलं.

ओढणी कोणी काढली?

कमळच्या मनात आनंदाची एक उकळी फुटली, आणि तिची तिलाच भीती वाटली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. तीस वर्षं जिच्यावर डोळा, तिच्याकडेच बोट वळलं, तर तो पुरावा म्हणायचा की आपल्या मनातलं विष? हवालदार कमळ भोईरनं असल्या पुराव्यावर कुणालाही आत टाकलं नसतं.

आधी बाळ सापडायला हवं होतं.

५

"फादर, तुमच्यात मूर्ती भंगली तर काय करतात?"

"फेकत नाही. जाळतो, नाहीतर मातीत पुरतो. मागच्या दाराबाहेर एक कोपरा आहे, जुन्या जपमाळा, मोडके क्रूस तिथेच पुरतो. का?"

"आम्ही पाण्यात सोडतो," कमळ म्हणाली. "चला तो कोपरा बघू."

वेदीमागची पाद्र्यांची कपडे बदलायची खोली ओलांडून ती दोघं मागच्या दारानं बाहेर पडली. कोपऱ्यात पांढऱ्या चाफ्याखाली हातभर माती ताजी होती, वर पालापाचोळा पसरलेला. फादरनी बाह्या सरसावल्या आणि हातानंच उकरलं. वीतभर खाली हिरवा खण लागला. खणात बाळ होतं. हस्तिदंती अंग पिवळसर, गुबगुबीत हात, आणि मानेपासून सुटलेलं डोकं शेजारी, जणू झोपेत कलंडलेलं.

फादर गुडघ्यांवरच बसून राहिले.

"पडून फुटलंय," शेवटी ते म्हणाले. "आणि ज्यानं फोडलं त्यानं आमच्या रीतीनं पुरलंय. कमळताई, हे बाहेरच्याचं काम नाही. हा कोपरा, ही रीत..." त्यांना ते नाव घ्यायचं नव्हतं. "दिपालीकडे मागच्या दाराची किल्ली असते."

तेवढ्यात केसरीनाथ धापा टाकत पोचला. खड्ड्यात बघितलं, फादरचं ऐकलं, आणि त्याची छाती फुगली. "बघा! म्हंजे आमच्या घरावर काय येत न्हाय. आमी भंगलेला देव खाडीत सोडतो, मातीत नाय घालत. ह्या काम तुमच्याच लोकांचा." सरूचं नावही त्याला आता आठवत नव्हतं.

कमळ वाकून खणाकडे बघत होती. खणाच्या घडीत पांढरे खडे होते. तिनं एक उचलला, जिभेला लावला.

मीठ होतं.

६

वेदीमागच्या खोलीत पवित्र पाण्यासाठी मिठाची बरणी असते, ती अर्धी रिकामी निघाली. फादरना त्यात काही वावगं वाटलं नाही. कमळ मात्र चाफ्याखाली जाऊन बसली.

मोठं माणूस गेलं तर आपल्यात जाळतात. पण ज्या लेकराचे दात अजून आले नाहीत, त्याला जाळत नाहीत. त्याला कपड्यात गुंडाळून मातीत ठेवतात आणि वर खडेमीठ घालतात. ज्या बाईनं हे बाळ इथे ठेवलं, तिच्या मनात चर्चची रीत नव्हतीच. तिनं भंगलेली मूर्ती पुरलीच नव्हती. तिनं गेलेलं लेकरू पुरलं होतं.

खण पायाकडून दोनदा दुमडलेला होता. ही घडी कमळनं आयुष्यात एकदाच पाहिली होती. चौतीस वर्षांपूर्वी, तिची सहा दिवसांची मुलगी गेली तेव्हा. घरात पुरुषमाणूस नव्हतं. कमळ तापानं फणफणलेली, दाराच्या चौकटीला धरून उभी. जावेनं लेकीला गुंडाळलं, पायाकडचा पदर एकदा दुमडला, थांबली, आणि पुन्हा एकदा दुमडला. "पाय गार पडतील तिचं," एवढंच बोलली होती आणि मिठाची पिशवी घेऊन एकटी खाडीकडे चालत गेली होती.

आता कावीळ राहिली नव्हती. सगळं लख्ख दिसत होतं, आणि कमळला पहिल्यांदाच वाटलं की दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

ठकुबाई घरच्या पडवीत बसली होती. ओढणीचा गोळा अजून मांडीवर. सकाळपासून तो तिनं कुणाला घेऊ दिला नव्हता.

"जाऊबाई, नारल काढा त्यातला."

ठकुबाईनं वर बघितलं नाही.

"झगा टाचलात तवाच बाल नव्हता हातावर. नायतर चीर बंद झाली नसती," कमळ म्हणाली. तिचा आवाज चौकशीचा निघाला, सवयीनं. "मग त्या हातावर नारल बसवलात, शेंडी सोलून, डोक्यासारखा दिसावा म्हनून. वर मुकुट. सकाली ओढनीत गुंडालून काढून घेतलात. मुकुट तेवढा निसटला. मागचा दार आतून उघडून बाल चाफ्याखाली ठेवलात. ओटीचा खण खड्ड्यात गेला, नारल तुमच्या मांडीवर. का केलात?"

ठकुबाईनं उजवा हात पदराखालून बाहेर काढला आणि पुढे धरला. हात थरथरत होता. तिनं दुसऱ्या हातानं धरला तरी थांबेना.

"दोन वर्सा झाली," ती म्हणाली. "डाक्टर बोलतो, कंपवात. मागच्या वर्सी कसाबसा नेसवला. टाचन्या डाव्या हातानं लावता येतात, पन ह्या वर्सी बाल उचलला आनि हातातून सुटला. आवाज आला ना कमल, मी मेलेच तितं."

"मग सांगायचा होता. फादर काय बोलले असते?"

"बोलले असते, ठकुबाई, आता धाकटीला नेसवू दे." ठकुबाईनं आता तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुला. तुला मिलू नये म्हनून नाय सांगला."

कमळला राग यायला हवा होता. पण तिला प्रश्नच पडला. "माझा हेवा? तुमाला? नवरा हाय, पोरं हायत, घर हाय, मान हाय. माझ्याकडं काय व्हता?"

"वर्दी व्हती! तू बाजारात शिरलीस की मानसा उठून उभी राहायची. इन्स्पेक्टर घरी येऊन च्या पिऊन जायचे, 'कमळबाई, कमळबाई' करत. मना या घरात कुनी नावानं हाक मारली का कदी? केसरीनाथची बायको. देवेशची आय. वर्सातून दोन तास मी ठकुबाई असायचे. त्येवढे दोन तास."

कमळला अंगणातला बाक आठवला.

"आनि सरू?"

ठकुबाईची मान खाली गेली. "चोरी झाली असा दिसला म्हंजे माझ्या त्या दोन तासांवर येनार नाय, येवढाच बघितला. आत कोन एकटी आसल, त्या डोक्यातच नाय आला."

"आला नाय. आनि मंग आला तवा? भावजी 'धरा' बोलले तवा तुमी तितंच व्हता."

"तोंड उघडंना माझा."

"ता आता उघडायचा," कमळ उठली. "चार वाजायच्या आत. सगल्यांसमोर. नायतर मी सांगते, आनि मी सांगितला तर मना त्यात मजा वाटल. ती मना नको द्या."

७

साडेतीनला चर्चच्या अंगणात ठकुबाईनं सांगितलं. दोनच वाक्यं सांगितली, पण सगळ्यांना ऐकू गेली. केसरीनाथ मधे बोलायला गेला तशी ती म्हणाली, "तुमी गप बसा," आणि चार गोदामांचा आवाज खरोखर गप बसला. तीस-पस्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असावं.

मग ती सरूपुढे गेली आणि थरथरता उजवा हात डाव्याला जोडला.

"मना धरा बोलले तवा तुमी बगत व्हतेव, आक्का," सरू म्हणाली. "त्या मी नाय विसरनार." पण तिनं तो हात धरला, कारण तो धरल्याशिवाय थांबत नव्हता. मग केसरीनाथकडे वळून म्हणाली, "शेट, सकालधरनं बसवून ठेवलाव. बिशप यायचे हायत, अंगन झाडायचा राहिलाय. झाडू आना."

केसरीनाथनं झाडू आणला. भोईरांच्याच एका पोरीनं त्याचा फोटो काढला, पण तो वेगळा विषय.

फादर प्रितमनी डोक्याला हात लावला. "बाळ नंतर वसईच्या कारागिराकडून नीट करून घेऊ. पण आज आईचा हात रिकामा नको. तुटलेलं का होईना, बसवलं पाहिजे, आणि झगा उलगडून पुन्हा नेसवायला हवा." त्यांनी ठकुबाईकडे पाहिलं आणि मग कमळकडे. "थोरलीला जमत नसेल तर धाकटी."

दिपालीनं तोंड फिरवलं.

आणि अशा रीतीनं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कमळ भोईर बंद दारांच्या आत, पडद्यामागे, माऊलीपुढे एकटी उभी राहिली. मेणबत्ती वितळवून तिनं बाळाचं डोकं मानेवर चिकटवलं, वर जरीचा रुमाल गुंडाळला. हात स्वच्छ धुतले. नमस्कार केला. तीस वर्षं जे पाहायला जीव टाकला, ते आता पाहायचं होतं. तिनं टाचण्या काढल्या आणि झगा उचलला.

आत काहीच नव्हतं.

चार काठ्या होत्या. सागाच्या चार काठ्या, वर एक फळी, फळीवर मान आणि डोकं, दोन बाजूंना दोन हात. छाती नाही, पोट नाही, पाय नाहीत. आंब्याच्या बागेतलं बुजगावणं जसं उभं करतात तशी माऊली उभी होती. आणि भोईरांच्या थोरल्या सुना पिढ्यान्‌पिढ्या या काठ्यांना नेसवून, डोळे पुसत बाहेर येत होत्या.

कमळला हसू आलं. हसता हसता ती खाली बसली आणि तिथेच थोडी रडली, कुणासाठी ते तिला सांगता आलं नसतं. मग उठली, झगा घातला, चिरेतून खुंटी बाहेर काढली, बाळ बसवलं आणि टाचण्या लावल्या. जावेइतक्या सरळ नाही लागल्या.

दार उघडून बाहेर आली तेव्हा पायरीवर ठकुबाई बसलेली होती. तिनं मान वर करून कमळच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बघतच राहिली. तीस वर्षं या बाईनं एक अक्षर बाहेर फुटू दिलं नव्हतं, ना नवऱ्याजवळ, ना मुलाजवळ. कमळनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेली.

पाचला बिशपस्वामी आले, खुर्चीत बसले. बारा क्रूसांखाली बारा मेणबत्त्या लागल्या. आईच्या कडेवर बाळ रुमाल गुंडाळून बसलं होतं आणि थंडीचे दिवस असल्यानं कुणाला त्यात नवल वाटलं नाही. कमळ आज खांबाला टेकून नव्हती. ती पहिल्या बाकावर जावेच्या शेजारी बसली होती.

गाणं संपल्यावर दिपाली गायकवृंदातून हळूच मागे सरकली आणि कमळच्या कानाशी वाकली. अभिमान गिळायला तिला बराच वेळ लागला असावा.

"मावशी, कुणाला सांगणार नाही मी. माझा झगा... म्हणजे, माऊली कशी आहे हो आतून?"

शेजारी ठकुबाईचा थरथरता हात एकदम घट्ट मिटला.

कमळनं दिपालीकडे पाहिलं. पोरीचे डोळे पेटले होते. खरं सांगितलं असतं, तर ती आग तिथल्या तिथे विझली असती आणि पोर सुखी झाली असती.

"काय सांगू तुला दिपाली," कमळ भोईर सावकाश म्हणाली. "असं रूप, असं रूप. जन्माला येऊन एकदा तरी बघावं गं."

दिपालीचं तोंड एवढंसं झालं. कमळला फार बरं वाटलं.